फोनमधलं हिब्रू कॅलेंडर आपल्या गावाशी आणि आपल्या रीतीशी कसं जुळवावं

ठाण्याच्या एका बेने इस्राएल (कोकणातल्या ज्यू समाजातल्या) ताईंनी विचारलंय: "आम्ही सिनेगॉगजवळचं घर सोडून घोडबंदर रोडला राहायला आलो. छापील तक्ता आता वेळेवर हाती पडत नाही, म्हणून फोनवर दोन ॲप घेतली. दोघांच्या वेळा जुळत नाहीत, जूनमधल्या शनिवारी एक शब्बाथ 7.54 ला संपवतं, दुसरं 8.30 ला. इस्राएलमधल्या अश्दोदच्या भावाने त्याचं कॅलेंडर पाठवलं, ते जोडलं, तर त्यात पेसाहचा (वल्हांडणाचा) आठवा दिवसच नाही. वडील 10 मार्च 2025 ला रात्री साडेआठला गेले. 2027 मध्ये त्यांची हश्काबा (मृतासाठीची प्रार्थना) कधी करायची, तर एक ॲप फेब्रुवारी दाखवतं, दुसरं मार्च. कशावर विश्वास ठेवायचा?"

शालोम, ताई. सगळ्यात आधी एक काम करा. भावाने पाठवलेलं कॅलेंडर फोनमधून आजच काढून टाका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल.

घाई अशासाठी की ते कॅलेंडर अश्दोदच्या सूर्यास्तावर बांधलेलं आहे. डिसेंबरात तिकडे शब्बाथचे, म्हणजे शुक्रवारी सूर्यास्ताला लागणाऱ्या विश्रांतीच्या दिवसाचे, दिवे सव्वाचारच्या सुमारास लागतात. तुमचा फोन ती वेळ इमानदारीने भारतीय वेळेत बदलतो. हिवाळ्यात आपण इस्राएलच्या साडेतीन तास पुढे असतो, त्यामुळे ठाण्यात तुम्हाला "दिवे लावा" ही सूचना पावणेआठला येणार. त्या दिवसांत ठाण्याचा सूर्य सहाच्या सुमारास मावळलेला असतो. म्हणजे शब्बाथ लागून पावणेदोन तास झाल्यावर तुम्ही काडी ओढणार. ज्या कामासाठी हे कॅलेंडर ठेवलं, तेच त्याने मोडलं. उन्हाळ्यात इस्राएलची घड्याळं तासभर पुढे जातात आणि फरक अडीच तासांवर येतो, तरीही सूचना आपल्या सूर्यास्तानंतरच येते. वर्षातल्या एकाही शुक्रवारी ती जुळत नाही.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. कुठलंही डिजिटल ज्यू कॅलेंडर घ्या, हेबकॅलची वेबसाइट असो की फोनमधलं एखादं ॲप, त्यात तीन वेगवेगळ्या गोष्टी एकाच पडद्यावर दिसतात. एक म्हणजे हिब्रू तारीख. ती निव्वळ हिशेबाची गोष्ट. दुसरी म्हणजे वेळा. त्या गावाच्या सूर्यावर चालतात. आणि तिसरी रीत, जी घराण्याची आणि सिनेगॉगची. पहिल्या गोष्टीत मशीन चुकत नाही. दुसरीत तुम्ही गाव नीट दिलंत तर चुकत नाही. तिसरी मात्र त्याला ठाऊकच नसते. आपण काही निवडलं नाही की ते दुसऱ्या कोणाची तरी रीत लावून मोकळं होतं. लोक म्हणतात ॲप चुकतं, तेव्हा बहुतेक वेळा गडबड या तिसऱ्या ठिकाणी असते.

तारखेचं गणित आपल्याकडच्या माणसाला पटकन समजतं, कारण पंचांग पाहायची सवय असते. महिना चंद्राचा, वर्ष सूर्याचं, आणि दोघांची सांगड घालायला मधूनमधून जादा महिना. पंचांगातला अधिक महिना कधी ज्येष्ठ, कधी श्रावण असा फिरता असतो. 2023 मध्ये तो श्रावण होता, 2026 मध्ये ज्येष्ठ. हिब्रू वर्षात जादा महिना येतो तो नेहमी अदारचाच, आणि 19 वर्षांच्या चक्रात तिसऱ्या, सहाव्या, आठव्या, अकराव्या, चौदाव्या, सतराव्या आणि एकोणिसाव्या वर्षी. 5787 ला 19 ने भागा, बाकी 11 उरते. म्हणजे 12 सप्टेंबर 2026 ला सुरू होणारं वर्ष दोन अदारचं, तब्बल 385 दिवसांचं. रोश हशाना (नववर्ष) रविवारी, बुधवारी किंवा शुक्रवारी येऊ द्यायचा नाही, हा नियमही याच हिशेबात बसवलेला आहे. यात कुठेही गावाचा संबंध नाही. त्यामुळे दोन ॲपमध्ये हिब्रू तारीख वेगळी दिसली, तर कारण जवळजवळ नेहमी एकच असतं: एक ॲप सूर्यास्ताला तारीख बदलतं, दुसरं मध्यरात्री.

हे मध्यरात्रीचं प्रकरण बारीक वाटतं, पण ओमेर मोजताना ते नडतं. पेसाहच्या दुसऱ्या रात्रीपासून 49 रात्री मोजायच्या, तारे दिसल्यावर. फोनच्या मूळ कॅलेंडरमधली हिब्रू तारीख रात्री बारापर्यंत आदल्या दिवसाचीच राहते. त्यावरून मोजलंत तर रोज एक आकडा मागे पडाल. ओमेरसाठी खास सूचना देणारं ॲप वापरा आणि सूचनेची वेळ तारे दिसण्यानंतरची लावा, रात्री नऊची लावली तर एप्रिल-मे दोन्ही महिने निभावतं.

पेसाहच्या आठव्या दिवसाचं उत्तर सेटिंगमध्ये आहे. बहुतेक ॲपमध्ये "इस्राएल" आणि "डायस्पोरा" असे दोन पर्याय असतात. आपण भारतात, म्हणून डायस्पोरा. इस्राएलमध्ये पेसाह 7 दिवस, आपल्याकडे 8. शाबुओथ तिकडे 1, इकडे 2. सिम्हाथ तोरा तिकडे तिश्रीच्या 22 ला, इकडे 23 ला, म्हणजे 2026 मध्ये अश्दोदला 3 ऑक्टोबर आणि ठाण्यात 4 ऑक्टोबर. रोश हशाना दोन्हीकडे दोन दिवस, किप्पूर दोन्हीकडे एकच.

या एका पर्यायाने फक्त सणाचे दिवस बदलत नाहीत, तोराचं साप्ताहिक वाचनही सरकतं, आणि हे फार थोड्यांच्या लक्षात येतं. 2026 चा शाबुओथ 22 मे, शुक्रवारचा. शनिवारी 23 मे ला आपल्याकडे सणाचा दुसरा दिवस, म्हणून सणाचं वाचन. इस्राएलमध्ये त्या दिवशी साधा शब्बाथ, त्यांनी नासो हा भाग वाचायचा. तिथून पुढे ते एक आठवडा पुढे जातात. आपण 27 जूनला हुक्कात आणि बालाक एकत्र वाचून त्यांना गाठतो, आणि 4 जुलैला दोन्हीकडे पिनहास येतं. मधल्या शनिवारांत भावाच्या कॅलेंडरवरून परशा (आठवड्याचा वाचनाचा भाग) काढून सिनेगॉगला गेलात, तर तेवासमोर, म्हणजे वाचनाच्या व्यासपीठासमोर, वेगळाच भाग चाललेला असेल. 2027 मध्येही शाबुओथ शुक्रवारी आहे, म्हणजे पुन्हा हेच.

आणखी एक छोटी गोष्ट याच पर्यायावर अवलंबून आहे. अमिदा या उभ्याने म्हणायच्या प्रार्थनेत पावसाची मागणी इस्राएलमध्ये हेश्वानच्या 7 पासून सुरू होते, बाहेरच्या देशांत 4 डिसेंबरच्या संध्याकाळपासून (पुढचं इंग्रजी वर्ष लीप असेल तर 5 डिसेंबर). कोकणात पाऊस जून ते सप्टेंबर, डिसेंबरात आभाळ कोरडं ठाक, तरीही आपण डायस्पोराच्याच तारखेने चालतो. मला ही गोष्ट मनापासून आवडते. आपले पूर्वज नवगावच्या किनाऱ्यापासून गावोगाव पसरले, तेल गाळायचा धंदा धरला, शनिवारी घाणा बंद ठेवला म्हणून शनवार तेली म्हणवले गेले. पुढे प्रार्थना शिकलो तेव्हा दूरच्या भूमीचा पाऊसही आपल्या तोंडी आला. ॲपमध्ये ही तारीख दिसत नसेल तर स्वतः टाकून ठेवा.

आता वेळा, म्हणजे तुमच्या दोन ॲपचं भांडण. तुम्ही लिहिलंय की जूनमधल्या शनिवारी एक ॲप शब्बाथ 7.54 ला संपवतं, दुसरं 8.30 ला. दोन्ही बरोबर आहेत. ठाण्याचा सूर्य त्या दिवशी 7.18 च्या सुमारास मावळतो. पहिलं ॲप सूर्य क्षितिजाखाली साडेआठ अंश गेला की तीन लहान तारे दिसतात असं धरतं. दुसरं सूर्यास्तानंतर सरळ 72 मिनिटं मोजतं. आपण विषुववृत्ताच्या बरेच जवळ असल्यामुळे सूर्य तिरका न जाता जवळजवळ उभा खाली उतरतो, आणि काळोख लवकर पडतो. मुंबई-ठाण्यात साडेआठ अंश व्हायला वर्षभरात 32 ते 37 मिनिटं पुरतात. लंडनला जूनमध्ये त्यालाच सव्वा तास लागतो. म्हणूनच परदेशात राहणाऱ्या नातेवाइकांचा "आमच्याकडे इतकी मिनिटं" हा हिशेब इथे लावू नका, अंशांवर चालणारा पर्याय लावा. 72 मिनिटं पाळणारे लोक श्रद्धेने पाळतात, तुमच्या घरात ती चाल असेल तर ती ठेवा. नसेल तर साडेआठ अंश आपल्यासाठी पुरेसे आहेत, आणि पावसाळ्यात तर ढगांमुळे तारे दिसतच नाहीत, तेव्हा घड्याळावरच भिस्त ठेवावी लागते.

सकाळच्या वेळांतही असेच दोन पंथ आहेत. प्रार्थनेचा तास घड्याळाच्या 60 मिनिटांचा नसतो. दिवसाचे बारा सारखे भाग केले की एक भाग म्हणजे एक तास. 21 जूनला ठाण्यात सूर्य 6.02 ला उगवून 7.18 ला मावळतो, दिवस 13 तास 16 मिनिटांचा, म्हणजे प्रार्थनेचा तास सुमारे 66 मिनिटांचा. 21 डिसेंबरला 7.07 ते 6.05, तोच तास 55 मिनिटांवर येतो. सकाळच्या प्रार्थनेतला शेमा पहिल्या तीन तासांत म्हणायचा. विल्नाचे गाओन या धर्मपंडितांच्या मताने दिवस सूर्योदय ते सूर्यास्त, म्हणून जूनमध्ये मुदत 9.21. मागेन अब्राहम या दुसऱ्या पंडितांच्या मताने दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत, दोन्हीकडे 72 मिनिटं जोडून, म्हणून मुदत 8.45. हा फरक वर्षभर 36 मिनिटांचाच राहतो, कारण 72 चा अर्धा 36. काही ॲप पहाट मिनिटांनी न मोजता 16.1 अंशांनी मोजतात, तेव्हा हा आकडा थोडा हलतो. माझा सल्ला सोपा आहे: शेमासाठी लवकरची वेळ डोळ्यांपुढे ठेवा. सकाळी साडेआठच्या आत शेमा झाला तर वर्षभर या दोन्हींपैकी कोणत्याच मताने चुकत नाही. मिन्हासाठी, म्हणजे दुपारच्या प्रार्थनेसाठी, इतकं काटेकोर व्हायची गरज नाही. दुपारी साडेसहा प्रार्थना-तास झाल्यावर, जूनमध्ये साधारण सव्वाला, ती सुरू करता येते, आणि सूर्यास्ताआधी संपवावी.

दिव्यांसाठी सूर्यास्ताच्या 18 मिनिटं आधीचा पर्याय ठेवा. जेरुसलेमला 40 मिनिटं आधी लावायची चाल आहे, ती इथे लागू नाही. मात्र ॲपमध्ये गाव कधीतरी चुकून जेरुसलेम राहिलेलं असतं, ते तपासा.

गाव निवडताना जीपीएस बंद करून ठाणे किंवा मुंबई हाताने टाका. या दोघांत मिनिटभराचाही फरक नाही. पुण्याला गेलात तर सूर्य साधारण चार मिनिटं आधी मावळतो, नागपूरला सुमारे पंचवीस मिनिटं आधी, म्हणून शुक्रवारी प्रवासात असाल तर गाव बदलायला विसरू नका. उंचीचा पर्याय असेल तर बंद ठेवा. माथेरान सुमारे 800 मीटरवर आहे. उंची धरली की ॲप तिथला सूर्यास्त तीन-चार मिनिटं उशिराचा दाखवतं, आणि दिव्यांच्या बाबतीत उशिराची वेळ नेहमीच धोक्याची.

रीतीच्या पर्यायात "सेफर्दी" निवडा. आपण प्रार्थना सेफर्दी पद्धतीने करतो, पण बरीच ॲप न सांगता अश्केनाझी, म्हणजे युरोपातल्या ज्यूंच्या, चालीवर असतात. त्यातली ठळक गोष्ट सेलिहोथची, म्हणजे क्षमेच्या प्रार्थनांची. अश्केनाझी ॲप रोश हशानाच्या आधी थोडे दिवस सूचना देतं, आपल्याकडे सेलिहोथ रोश हशानाच्या आधीचा एलुल महिना लागला की सुरू होतात. ॲपच्या भरवशावर राहिलात तर जवळजवळ पूर्ण महिना हातचा जाईल. काही शनिवारच्या हाफ्तारात, म्हणजे संदेष्ट्यांच्या ग्रंथांतल्या वाचनातही, फरक असतो.

आणि काही गोष्टी कोणत्याच ॲपमध्ये नाहीत. आपले नव्याचा सण, खिरीचा सण, बिरड्याचा सण ही नावं तुम्हाला तिथे दिसणार नाहीत, आणि शेवात महिन्यातल्या "तू बिश्वात" या सणाचा, एलियाहू हानाबी या संदेष्ट्याच्या नावाने होणारा मलिदाही नाही. त्या दिवशी ॲप झाडांचं नववर्ष एवढंच सांगेल. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एलियाहू हानाबीच्या खडकाशी आपली माणसं त्या दिवशी जातात, हे पुढच्या पिढीच्या फोनमध्ये दिसायला हवं असं मला फार वाटतं. हिब्रू तारखेने दरवर्षी येणारी नोंद तयार करायची सोय बऱ्याच ॲपमध्ये असते, ती वापरा. साधी "दरवर्षी" ही सोय इंग्रजी तारखेवर चालते, तिचा उपयोग नाही. शेवातची 15 तारीख टाका. 2027 मध्ये ती 23 जानेवारीला, शनिवारी येते, म्हणून पोहे, नारळ, फळं यांची खरेदी आणि तयारी शुक्रवारी संध्याकाळच्या आत आटपावी लागेल.

शब्बाथ आणि सणाच्या दिवशी फोन पाहायचा नाही, तर मग या सगळ्याचा उपयोग काय, असं कोणीही विचारेल. उपयोग छापण्यापुरता. दर महिन्याच्या सुरुवातीला चार-पाच शुक्रवारांचे सूर्यास्त, दिव्यांची वेळ, शब्बाथ सुटायची वेळ, आणि सण असतील तर त्यांच्या वेळा एका कागदावर काढून स्वयंपाकघरात लावा. पहिल्यांदा छापाल तेव्हा सिनेगॉगच्या हाझानना, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्यांना, दाखवा. त्यांच्या तक्त्याशी दोन मिनिटांपेक्षा जास्त फरक असेल, तर कोणता पर्याय वेगळा आहे ते त्यांच्याकडून समजून घ्या आणि त्यांचं धरा. शेवटी दहा जण एका वेळी उभे राहिले पाहिजेत.

4 डिसेंबर 2026 चा शुक्रवार आत्ताच खूण करून ठेवा. हनुक्काची पहिली ज्योत त्याच संध्याकाळी आहे, आणि पावसाच्या मागणीची तारीखही तीच, पण शब्बाथच्या अमिदात ती मागणी नसते, म्हणून प्रत्यक्षात ती शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेपासून सुरू होते. ठाण्यात सूर्यास्त सहाच्या सुमारास, शब्बाथचे दिवे 5.42 ला. हनुक्काची ज्योत त्याच्याआधी लावायची, आणि तिच्यात तेल एवढं घालायचं की काळोख पडल्यावरही निदान अर्धा तास ती जळत राहील. ॲप बहुधा दोन्ही सूचना एकाच वेळी देईल किंवा हनुक्काची सूचना रात्रीची देईल. कागदावर क्रम स्वतः लिहा.

आता वडिलांची तारीख. 10 मार्च 2025 ला दिवसा अदारची 10 तारीख होती. ते सूर्यास्तानंतर गेले, म्हणून त्यांची तिथी अदार 11. ॲपमध्ये नोंद करताना "सूर्यास्तानंतर" अशी खूण करायची जागा असते. ती राहून गेली की दरवर्षी एक दिवस आधीची तारीख येत राहील. 5785 मध्ये अदार एकच होता, आणि 5787 मध्ये दोन आहेत, म्हणून तुमची दोन ॲप भांडताहेत. एकाने पहिला अदार धरला, त्याची 11 तारीख 18 फेब्रुवारी 2027. दुसऱ्याने दुसरा अदार धरला, त्याची 11 तारीख 20 मार्च 2027. इथेही दोन मतं आहेत: अश्केनाझी धर्मशास्त्री रेमा पहिला अदार सांगतात, शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ दुसरा. आपली सेफर्दी रीत शुल्हान आरूखची, म्हणून 20 मार्च. काही घरांत दोन्ही दिवशी कद्दीश म्हणतात, तुमच्या आईला किंवा काकांना घरची चाल विचारा. चाल सापडली नाही तर हाझानशी बोलून मार्चची तारीख पक्की करा, आणि ॲपमधली फेब्रुवारीची नोंद पुसून टाका, म्हणजे पुढच्या लीप वर्षी पुन्हा गोंधळ नको.

20 मार्च 2027 ला शनिवार आहे, म्हणजे दिवस सुरू होतो शुक्रवारी 19 तारखेच्या संध्याकाळी. ठाण्यात सूर्यास्त 6.48 च्या आसपास. वडिलांचा दिवा आधी लावा, मग 6.30 ला शब्बाथचे दिवे. दिवा 24 तास चालेल असा घ्या, कारण मध्ये तेल घालता येणार नाही. फोनची आठवण मात्र त्या शुक्रवारची न लावता आदल्या सोमवारची लावा. मिन्यानसाठी दहा पुरुषांना कळवायला आणि हश्काबासाठी हाझानना नाव द्यायला तेवढे दिवस लागतात.